नोंदवही आणि सीमा : शेवगाव ते पैठण

१/ मार्च १९४८. दंतवैद्यक कायदा अमलात आला तेव्हा नगर जिल्हा मुंबई प्रांतात होता, तर गोदावरीपलीकडचे पैठण आणि वैजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेवगावहून पैठणला जाणे म्हणजे राज्य ओलांडणे होते.

२/ या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही केली ती राज्यनिहाय. ‘अ’ भागात पदवीधर. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणारे. (यात औदार्याइतकाच नाइलाजही असावा, पदवीधर होतेच किती?) डेंटल हायजिनिस्टांची नोंदवही वेगळी.

३/ मग परराज्यात दवाखाना थाटणाऱ्याचे काय? त्यासाठी पुढे कलम ४६-अ आले. अर्ज राज्य परिषदेकडे नव्हे, थेट भारतीय दंत परिषदेकडे करायचा. तिच्या आदेशाने नाव जुन्या वहीतून निघून नव्या वहीत चढत असे. शुल्क नव्या राज्याच्या नूतनीकरण शुल्काहून अधिक घेता येत नसे. हायजिनिस्टांनाही हीच वाट.

४/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. शेवगाव आणि पैठण एका राज्यात आले. माणसे जागीच राहिली, सीमा तेवढी सरकली.

५/ कर्नाटकाची सीमा मात्र राहिली. लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयात शिकून महाराष्ट्रात नोंदणी केलेला दंतवैद्य पुढे बेळगावात स्थिरावला, तर त्याच्यासाठी कलम ४६-अ होतेच.

६/ २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. राज्यांच्या वह्या त्यातही कायम आहेत.