'कातामारी दामाशी' : एका विक्षिप्त खेळाचे आकर्षण

प्रस्तावना

खेळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मैदानी स्पर्धा व त्यांच्या संघटना यांच्यापुरताच लिहिला जातो. दूरचित्रवाणी संचाला यंत्र जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचे वेळ घालविण्याचे साधन, अशी समजूत असल्याने इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः असा खेळ ज्या समाजात निर्माण होतो त्या समाजाचे घर, बाजार आणि रस्ता त्यात उतरलेले असतात. या दृष्टीने जपानमधील नामको या कंपनीने मार्च २००४ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रसिद्ध केलेल्या 'कातामारी दामाशी' या खेळाचा विचार येथे केला आहे. या खेळाचा उल्लेख बहुधा 'विचित्र' या एकाच विशेषणाने होतो. ते विशेषण खोटे नाही. परंतु त्याने खेळाचे आकर्षण उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खेळाचे स्वरूप

'कातामारी' म्हणजे गोळा आणि 'दामाशी' म्हणजे आत्मा. जपानी लिपीत ही दोन्ही चिन्हे शेजारी लिहिली असता त्यांचा उजवीकडील भाग एकच दिसतो. म्हणजे नावातच एक शब्दखेळ आहे. कथानक असे : विश्वाचा राजा बेभान होऊन आकाशातील सर्व तारे नष्ट करतो आणि ते पुन्हा घडविण्याचे काम आपल्या पाच सेंटिमीटर उंचीच्या राजपुत्रावर सोपवितो. राजपुत्राने एक चिकट गोळा ढकलीत न्यावयाचा. गोळ्यापेक्षा लहान असेल ती वस्तू त्याला चिकटते, मोठी असेल तर धडक बसून चिकटलेले काही गळून पडते. नियम एवढाच. हातातील नियंत्रकाच्या दोन दांड्या एकदम पुढे रेटल्या की गोळा पुढे जातो, एक पुढे व एक मागे केली की दिशा बदलते. बटणांची गुंतागुंत जवळजवळ नाहीच.

पहिल्या टप्प्यात पाच सेंटिमीटरचा गोळा तीन मिनिटांत दहा सेंटिमीटरचा करावयाचा असतो. खेळाडू एका जपानी घराच्या जमिनीवर, टाचण्या आणि खोडरबरांच्या पातळीवर वावरत असतो. अखेरच्या टप्प्यात, चंद्र घडविताना, एक मीटरचा गोळा तीनशे मीटरपर्यंत न्यावयाचा असतो. त्यात माणसे, मोटारी, इमारती सर्व गुंडाळले जाते. आरंभी ज्या मांजराने गोळ्याला उडवून लावावे, तेच पुढे त्याला चिकटून ओरडत फिरते. या आकर्षणाचे मर्म प्रमाणाच्या बदलात आहे, असे म्हणावे लागते. जग तेच राहते, पाहणाऱ्याची उंची तेवढी बदलते. आणि काही क्षणांपूर्वी डोंगर वाटलेली वस्तू आता धुळीच्या कणासारखी दिसते. लहान मूल मोठे होताना जे वर्षानुवर्षे अनुभवते ते येथे काही मिनिटांत घडते.

हे परिणामकारक होण्याचे कारण म्हणजे त्या वस्तूंची सामान्यता. जादूची शस्त्रे किंवा खजिने येथे नाहीत. संत्री, खेळण्यातील सोंगट्या, तातामी चटयांच्या खोलीतील किरकोळ सामान, दुकानांसमोरील फलक अशा शेकडो वस्तू आहेत आणि गोळा केलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद खेळात ठेवली जाते. भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकाला ही यादी जपानी मध्यमवर्गीय संसाराची सूचीच वाटावी.

निर्मितीची पार्श्वभूमी

या खेळाचे निर्माते केइता ताकाहाशी हे मुळात संगणकतज्ज्ञ नव्हेत. मुसाशिनो कला विद्यापीठात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले होते. हाताने घडविलेल्या वस्तूचा आकार व वजन यांविषयीची शिल्पकाराची जाण गोळ्याच्या प्रत्येक गडगडण्यात जाणवते. त्यांनी मुलाखतींतून उपभोगप्रधान समाजाविषयीची आपली अस्वस्थताही व्यक्त केलेली आहे. १९९० च्या दशकारंभी जपानच्या अर्थव्यवस्थेतील फुगा फुटला होता. वस्तूंनी भरलेली घरे मात्र तशीच होती. त्या घरांतील पसारा गोळा करून त्याचे तारे करावयाचे, ही कल्पना अशा काळात केवळ लहर राहत नाही. तथापि खेळाडूला गोळा करण्याचा आनंद मिळतो तोही त्याच हव्यासातून. उपहास आणि उपभोग येथे एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि हा खेळ दुसऱ्यांदा खेळावासा वाटतो तो याच कारणाने.

त्या सुमारास खेळांचा निर्मितीखर्च वेगाने वाढत होता. २००४ च्या अखेरीस अमेरिकेत 'हेलो २' आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियाज' या भव्य खेळांची चर्चा होती. त्यांच्या तुलनेत 'कातामारी' अत्यल्प खर्चात, नामकोशी संबंधित प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांचे साहाय्य घेऊन तयार झाला. यातील ठोकळेवजा आकृत्या काटकसरीतून आल्या आणि त्याच खेळाची ओळख ठरल्या. यू मियाके यांच्या संगीत दिग्दर्शनाखालील गाण्यांचा वाटाही मोठा आहे. अमेरिकेत सप्टेंबर २००४ मध्ये हा खेळ वीस डॉलरला विकला गेला. नव्या खेळाची तेव्हाची प्रचलित किंमत पन्नास डॉलरच्या आसपास होती. युरोपात तो त्या वेळी आलाच नाही. २००५ मध्ये गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत त्याच्या रचनेचा गौरव झाला.

उत्तरकाल

मान्यतेबरोबर मागणी आली. ताकाहाशी यांना दुसऱ्या भागाची फारशी इच्छा नव्हती. २००५ मध्ये आलेल्या 'वी लव्ह कातामारी'चे कथानकच असे, की चाहते राजाकडे आणखी गोळ्यांचा हट्ट धरतात आणि राजा तो पुरवितो. निर्मात्याने आपल्या अडचणीलाच विषय केले, ही गोष्ट मला मूळ खेळाइतकीच रोचक वाटते. पुढील भाग त्यांच्यावाचून निघत राहिले आणि २०१० मध्ये त्यांनी कंपनी सोडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेत असल्याचे जाहीर केले. त्यांत नामकोचे दोन होते : १९८० चा 'पॅक-मॅन' आणि 'कातामारी दामाशी'. एक ठिपके खात जाणारा, दुसरा सारे जग गुंडाळणारा. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'वन्स अपॉन अ कातामारी' हा या मालिकेतील नवा खेळ प्रसिद्ध झाला, त्यातही ताकाहाशी यांचा सहभाग नव्हता. त्याच वर्षी त्यांचा स्वतंत्र खेळ 'टू अ टी' आला. दोन्ही हात सदैव आडवे पसरलेले राहतात अशा एका मुलाची ती कथा आहे.