कार्यालयासाठी संगणक : किंमत एका दिवसाची, कंपनी पाच वर्षांची

प्रतिनिधी

दहा-पंधरा कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात नवे संगणक घ्यावयाचे ठरले की पहिली विचारणा होते ती किमतीची. दोन-तीन विक्रेत्यांकडून कोटेशन मागविली जातात, प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे शेजारी-शेजारी मांडले जातात आणि सर्वांत कमी रकमेवर खूण केली जाते. घरासाठी एक संगणक घेताना ही पद्धत चालून जाते. सनदी लेखापाल, पतसंस्था, दवाखाना, छापखाना किंवा लहान कारखाना यांचे मात्र तसे नाही. संगणक बंद पडला की तेथे काम थांबते, माणसे बसून राहतात आणि विवरणपत्राची अंतिम तारीख काही पुढे सरकत नाही. म्हणूनच कार्यालयीन खरेदीत यंत्रापेक्षा ते तयार करणाऱ्या कंपनीची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

आजच्या स्वस्त संगणकांत मुळात फारसा फरक नसतो. प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, कार्यप्रणाली बहुधा मायक्रोसॉफ्टची, मेमरी आणि डिस्क जगातील मोजक्या कारखान्यांत तयार झालेली. टायपिंग, हिशेब, ई-मेल आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर साध्या श्रेणीतील कोणताही नवा प्रोसेसर पुरेसा आहे. फरक पडतो तो यंत्राची जुळणी, सुट्या भागांची उपलब्धता आणि विक्रीनंतरची सेवा यांत.

नावे बदलतात, संगणक टेबलावरच राहतो

कंपनी मोठी आहे म्हणून ती कायम राहील, असे गृहीत धरता येत नाही. १९८१ साली ज्या आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तिनेच २००५ मध्ये आपला हा व्यवसाय चीनच्या लेनोव्होच्या स्वाधीन केला. कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. २०१५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे विभाजन होऊन संगणक आणि प्रिंटरचा व्यवसाय एचपी या स्वतंत्र कंपनीकडे आला.

भारतीय कंपन्यांचा अनुभव याहून बोलका आहे. एकेकाळी सरकारी कार्यालये, बँका आणि शाळांतून एचसीएल, विप्रो आणि मुंबईची झेनिथ ही नावे सर्रास दिसत. विप्रोने २०१३ मध्ये स्वतःचे संगणक तयार करणे थांबविले. एचसीएलनेही त्याच सुमारास या व्यवसायातून अंग काढून घेतले. झेनिथ हे नाव बाजारातून नाहीसे झाले. कमी नफा आणि तीव्र स्पर्धा यांमुळे डेस्कटॉपचा धंदा अनेकांना परवडेनासा झाला. ज्यांच्याकडे त्यांचे संगणक होते, त्यांना पुढे सुट्या भागांसाठी खुल्या बाजाराकडे वळण्यावाचून पर्याय उरला नाही.

आज भारतातील कार्यालयीन डेस्कटॉपच्या बाजारात एचपी, लेनोव्हो, डेल, एसर आणि असूस ही पाच नावे प्रामुख्याने पुढे येतात. निवड बहुधा यांतूनच करावी लागते, किंवा मग असेम्बल्ड संगणकाचा मार्ग धरावा लागतो.

एकच कंपनी, दोन मालिका

खरेदीदाराची सर्वांत मोठी गफलत येथे होते. यांपैकी प्रत्येक कंपनी घरगुती आणि कार्यालयीन अशा दोन वेगवेगळ्या मालिका विकते. लेनोव्होची थिंकसेंटर, एसरची व्हेरिटॉन आणि असूसची एक्स्पर्टसेंटर या कार्यालयीन मालिका होत. डेलची ऑप्टिप्लेक्स ही मालिका १९९३ पासून प्रसिद्ध होती. २०२५ मध्ये कंपनीने नावांची फेररचना केली आणि नवे कार्यालयीन संगणक ‘डेल प्रो’ या नावाने येऊ लागले. एचपीच्या प्रोडेस्क आणि एलिटडेस्क या मालिकाही कार्यालयांसाठीच होत्या. आता ‘प्रो’ आणि ‘एलिट’ हे शब्द पाहून त्या ओळखाव्यात.

घरगुती मालिकेचा संगणक काही वेळा स्वस्त आणि दिसायला आकर्षक असतो. परंतु तिची मॉडेले झटपट बदलतात. आज पाच आणि सहा महिन्यांनी पाच संगणक घेतले, तर दुसऱ्या खेपेला आतील मदरबोर्ड वेगळा निघण्याची शक्यता असते. कार्यालयीन मालिकेत एकच मॉडेल तुलनेने अधिक काळ विकले जाते. आवरण उघडून डिस्क किंवा मेमरी बदलणे सोपे असते आणि दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. खरेदीपूर्वी मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन ही पुस्तिका उघडून पाहावी. ती सापडत नसेल, तर त्या मॉडेलबद्दल पुन्हा विचार करावा.

वॉरंटीची भाषा

‘तीन वर्षांची वॉरंटी’ या शब्दांवर समाधान मानू नये. कोटेशनमध्ये ३-३-३ किंवा १-१-१ असे आकडे आढळतात. पहिला आकडा सुट्या भागांचा, दुसरा कारागिराच्या मजुरीचा आणि तिसरा तंत्रज्ञ कार्यालयात येऊन दुरुस्ती करण्याच्या मुदतीचा असतो. तिसरा आकडा एक असेल, तर दुसऱ्या वर्षापासून संगणक रिक्षात घालून सेवाकेंद्रात नेण्याची जबाबदारी ग्राहकाची. ठाणे-पुण्यात हे गैरसोयीचे आहे. तालुक्याच्या ठिकाणी मात्र एका फेरीत दिवस मोडतो.

‘नेक्स्ट बिझनेस डे’ या शब्दप्रयोगाचाही नीट अर्थ लावावयास हवा. दूरध्वनीवरून दोषाचे निदान झाल्यानंतर पुढील कामाच्या दिवशी तंत्रज्ञ येईल, एवढेच ते आश्वासन असते. यंत्र त्याच दिवशी सुरू होईल, असे त्यात म्हटलेले नसते. ही सेवा आपल्या पिनकोडवर उपलब्ध आहे काय, हे विक्रेत्याकडून नव्हे, तर कंपनीकडून लेखी घ्यावे.

आणखी दोन बारकावे आहेत. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते तेव्हा सामान्यतः जुनी डिस्क कंपनीच्या मालकीची होते. पतसंस्थेच्या खातेदारांची किंवा दवाखान्यातील रुग्णांची माहिती असलेली डिस्क अशी बाहेर जाणे योग्य नाही. ती स्वतःजवळ ठेवण्याची सोय मोठ्या कंपन्या जादा शुल्क घेऊन देतात. दुसरे असे की संगणक हाती पडताच त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची सुरुवात कोणत्या तारखेची दिसते ते तपासावे. गोदामात पडून राहिलेल्या मालाची मुदत आधीच सुरू झालेली असू शकते. अशा वेळी बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून घ्यावी.

दोष कोणाच्याही मालात निघतो

नामांकित कंपनीचा माल निर्दोष असतो, हाही एक समजच आहे. २००३ ते २००५ या काळातील डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतील काही मॉडेलांत मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगून निकामी होऊ लागले. सदोष कपॅसिटरांची ही साथ त्या काळात इतर कंपन्यांच्या यंत्रांतही पसरली होती. डेलने २००५ मध्ये या दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. पुढे अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांवरून, समस्येचे गांभीर्य ग्राहकांना वेळीच सांगितले नाही, अशी टीकाही कंपनीवर झाली.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सर्व संगणक एकाच खेपेतील असतील तर एकच दोष सर्वांना एकदम ग्रासू शकतो. म्हणून एखादे यंत्र राखीव ठेवणे शहाणपणाचे. दुसरे म्हणजे एवढा मोठा खर्च सोसून भाग बदलून देण्याची ऐपत किती कंपन्यांकडे आहे, हा प्रश्न निवड करताना मनात असावा.

असेम्बल्ड संगणकाचा पर्याय

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथून सुटे भाग आणून जुळणी केलेल्या संगणकांनी महाराष्ट्रातील असंख्य कार्यालये उभी केली. हा पर्याय आजही टाकाऊ नाही. त्यातील भाग प्रमाणित आकाराचे असतात. पॉवर सप्लाय जळाला तर कोणत्याही दुकानातून दुसरा आणून तासाभरात बसविता येतो. याउलट ब्रँडेड संगणकांत पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या घडणीचे असतात. वॉरंटी संपल्यावर बाजारातील साधा भाग त्यांत बसत नाही.

असेम्बल्ड संगणकाची उणीव वेगळी आहे. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी आणि सेवाकेंद्रही वेगळे. या सर्वांचा समन्वय करणारा विक्रेता हीच येथे खरी ‘कंपनी’ असते. तो भरवशाचा, जवळचा आणि हाताखाली माणसे असलेला असेल तर पाच-सहा संगणकांच्या कार्यालयाला हा मार्ग सोयीचा ठरतो. संख्या वीस-पंचवीसच्या पुढे गेली, किंवा शाखा निरनिराळ्या गावी असल्या, तर एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे संगणक घेणे हिताचे.

आकार आणि जोडण्या

जागेच्या टंचाईमुळे पडदा आणि संगणक एकत्र असलेले ‘ऑल-इन-वन’ अनेकांना आवडतात. परंतु त्यात पडदा बिघडला तरी संपूर्ण यंत्र दुरुस्तीला द्यावे लागते. पडद्यामागे बसणारा मिनी संगणक हा त्यापेक्षा बरा पर्याय आहे. पतसंस्थांत पासबुक छापणारे जुने प्रिंटर, कारखान्यांत वजनकाटे आणि काही कार्यालयांत मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक अजूनही वापरात असतात. यांपैकी कशाला सिरियल किंवा पॅरलल पोर्ट लागतो काय, याची यादी आधी करावी. कार्यालयीन मालिकांच्या काही मॉडेलांत सिरियल पोर्ट मागणीनुसार मिळतो. घरगुती मालिकेत तो सहसा नसतो.

विंडोजचा परवाना

स्वस्त कोटेशनमध्ये कार्यप्रणालीच्या रकान्यात पुष्कळदा ‘डॉस’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ विंडोजचा खर्च वेगळा. ‘आम्ही टाकून देऊ’ असे विक्रेता म्हणाला तर परवान्याचा स्वतंत्र उल्लेख बिलात मागावा. तो नसेल तर ती प्रत बेकायदा असण्याचा संभव आहे आणि त्याची जोखीम कार्यालयाच्या मालकावर येते. होम आवृत्तीवरील संगणक कार्यालयाच्या केंद्रीय नियंत्रणाखालील डोमेनमध्ये जोडता येत नाही, म्हणून प्रो आवृत्ती घ्यावी. काम केवळ ब्राउझरमधून होत असेल तर लिनक्स आणि लिबरऑफिस यांचाही विचार करता येईल.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीच्या आसपासचा प्रोसेसर लागतो. मोठ्या कंपन्यांनी भाडेकरारानंतर परत केलेले जुने संगणक बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. ते घेताना हीच कसोटी लावावी. ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी महागच.

हिशेब पाच वर्षांचा

समजा, जुन्या टॉवरऐवजी मिनी संगणक घेतल्याने विजेचा वापर ४० वॉटने कमी झाला. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरल्यास एका यंत्रामागे ९६ युनिट वाचतात. प्रतियुनिट १२ रुपये धरले तर ही बचत वर्षाला १,१५२ रुपये, म्हणजे दहा संगणकांची पाच वर्षांत ५७,६०० रुपये होते. दुसरीकडे, महिना २५ हजार रुपये वेतन आणि २५ दिवस काम असलेला कर्मचारी यंत्र बंद म्हणून चार दिवस बसून राहिला, तर कार्यालयाचे ४ हजार रुपये गेले. वाढीव वॉरंटीची किंमत या आकड्याशी ताडून पाहावी. दुकानातील सवलतीशी तिची तुलना करू नये.

संगणकावर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर लागतो. काही कोटेशनमध्ये तो समाविष्ट असतो, काहींत नसतो. नोंदणीकृत करपात्र व्यवसायाला या कराचे क्रेडिट मिळू शकते. त्यासाठी बिल संस्थेच्या नावे व जीएसटी क्रमांकासह हवे. दवाखान्यासारख्या करमुक्त सेवेला ते मिळत नाही. त्यांनी करासहितच्या रकमेचीच तुलना करावी.

कायद्याची एक बाजूही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा सामान्यतः ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यात अपवाद आहे. म्हणजे बहुतेक कार्यालयांना तक्रारीसाठी ग्राहक आयोगाचे दार उघडे असेलच, असे नाही. त्यांच्या हाती उरतो तो वॉरंटीचा कागद. तो खरेदीपूर्वीच वाचलेला बरा.

मागणी नोंदविण्यापूर्वी

- मॉडेलचा पूर्ण क्रमांक व मालिका कार्यालयीन असल्याची खात्री.
- ऑनसाइट सेवेची मुदत, आपल्या पिनकोडसह, लेखी.
- मेमरी १६ जीबी, किंवा ८ जीबीसह एक रिकामा स्लॉट, डिस्क एसएसडीच.
- विंडोज प्रोचा परवाना बिलात स्वतंत्र नमूद.
- वॉरंटी वाढविण्याचा दर आणि त्याची अंतिम तारीख. मूळ मुदत संपल्यावर ही सोय बहुधा मिळत नाही.
- जुने संगणक अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरणासाठी स्वीकारण्याची व्यवस्था. ई-कचरा नियम, २०२२ अन्वये पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.
- सर्व मागणी देण्यापूर्वी एक संगणक आणून त्यावर आपले सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि मराठी टायपिंग आठवडाभर चालवून पाहणे.

यातील शेवटची अट मान्य करण्यास विक्रेता का-कू करीत असेल, तर विक्रीनंतर त्याच्याकडून मिळणाऱ्या सेवेचा अंदाज तेथेच येतो. किंमत एकदाच मोजावी लागते. सेवाकेंद्राचा दूरध्वनी मात्र पाच वर्षे फिरवावा लागतो.