औषधांच्या सुरक्षेवर जगात किती संशोधन होतंय, हे मोजतात कसं?

गोळी घेतली आणि अंगावर पुरळ उठलं, तर आपण आधी मोबाईलवर सर्च करतो. अशा त्रासांच्या नोंदी गोळा करून त्यातून धोका शोधणाऱ्या शास्त्राला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. म्हणजे औषध बाजारात आल्यावरही त्यावर ठेवलेली नजर. या विषयावर जगभर किती आणि कसं संशोधन होतंय, हे मोजण्याच्या पद्धतीचं नाव बिब्लिओमेट्रिक्स. सोप्या भाषेत सांगायचं तर शोधनिबंधांची मोजदाद. आज तीच समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं. पुढे अनेक देशांत गरोदर स्त्रिया मळमळीवरही ते घेऊ लागल्या. त्यामुळे जगभरात सुमारे १० हजार बाळं जन्मतः व्यंग घेऊन आली, असा अंदाज आहे. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एका छोट्याशा पत्रातून शंका मांडली. जर्मनीत डॉ. विडुकिंड लेन्झ यांनीही इशारा दिला होता. मग १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १० देशांना सोबत घेऊन अशा नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. त्यातून उभा राहिलेला व्हिजिबेस हा डेटाबेस आज स्वीडनमधलं उप्साला इथलं केंद्र सांभाळतं. त्यात ३ कोटींहून जास्त नोंदी आहेत.

संशोधन मोजायच्या ४ पायऱ्या

१. सर्च: पबमेड, स्कोपस, वेब ऑफ सायन्स अशा डेटाबेसमध्ये ठरावीक शब्द टाकून निबंध शोधतात. पबमेड फुकट आहे.

२. साफसफाई: एकच निबंध दोन डेटाबेसमध्ये सापडतो. डीओआय नंबर जुळवून डुप्लिकेट काढतात.

३. मोजणी: समजा एका निबंधाचे लेखक ३ देशांतले आहेत. प्रत्येक देशाला पूर्ण १ गुण द्यायचा की एक तृतीयांश? पद्धत बदलली की देशांचा क्रमही बदलू शकतो.

४. नकाशा: नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेलं व्हीओएसव्ह्यूअर हे फुकट सॉफ्टवेअर वारंवार एकत्र येणारे शब्द जवळजवळ मांडतं. कोणते विषय एकमेकांशी जोडलेत, ते त्यावरून दिसतं.

गडबड कुठे होते?

पहिली गडबड शब्दांची. थॅलिडोमाइडच्या काळात ‘फार्माकोव्हिजिलन्स’ हा शब्द रूढच नव्हता. नुसता तोच सर्च केला तर जुनं काम सुटतं आणि आलेख उगाच उंच चढलेला दिसतो.

दुसरी गडबड एकूण वाढीची. सगळ्याच विषयांचे निबंध वाढतायत. म्हणून नुसता आकडा नको, एकूण निबंधांतला वाटा बघायचा. चालू वर्षाचा डेटा अपुरा असतो, त्यामुळे शेवटी रेषा पडलेली दिसली तरी घाबरायचं कारण नाही.

तिसरी गडबड सगळ्यात मोठी. अमेरिकेच्या एफडीएचा फेअर्स हा डेटाबेस कुणालाही डाउनलोड करता येतो. त्यावर एकाच साच्यातले निबंध झटपट तयार करता येतात. पण त्यात औषध एकूण किती जणांनी घेतलं हे नसतं, त्यामुळे नुसत्या तक्रारी मोजून धोका किती ते कळत नाही. असे अभ्यास कसे मांडावेत याचे नियम रीडस-पीव्ही नावाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. निबंध जास्त म्हणजे सुरक्षा जास्त, असं समीकरण नाही. उलट मॅकब्राइड यांचं एक पत्र मोजदादीत फक्त १ धरलं जाईल!

यात आपण कुठे आलो?

भारतात २०१० मध्ये फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया सुरू झाला. त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. औषधाचा त्रास झाला तर आधी डॉक्टरांना गाठा, मनाने औषध बंद करू नका. मग १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवा. डॉक्टरच नाही, पेशंटही नोंद करू शकतो.

कारण एखाद्या औषधाबद्दल तक्रारच नसेल तर दोन शक्यता असतात. एक, त्रास खरंच नाही. दुसरी, त्रास झाला पण कुणी कळवलाच नाही. संशोधकाच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात: शून्य.