अबंधन चिकित्सा

मनोरुग्णालयातील रुग्णांना साखळदंड, चामडी पट्टे, हात जखडणारा अंगरखा इ. साधनांनी न बांधता त्यांची शुश्रूषा करण्याची पद्धती. तिचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये घातला गेला.

पूर्वपीठिका : विवेक गमावलेल्या माणसाला भय व बळ यांनीच आवरता येते, अशी समजूत अठराव्या शतकात रूढ होती. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात १८१४ मध्ये जेम्स नॉरिस हा रुग्ण लोखंडी पट्ट्यांनी जखडून साखळीने बांधलेला आढळला. अनेक वर्षे तो त्याच अवस्थेत होता. संसदीय समितीने १८१५ मध्ये अशा संस्थांची चौकशी केली. तत्पूर्वी फ्रान्समध्ये झां बातीस्त प्यूसँ व फिलिप पीनेल यांनी साखळदंड काढण्यास प्रारंभ केला होता, तर इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूकने यॉर्क येथे १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ ही संस्था उघडली होती. तथापि तेथेही सौम्य बंधने वापरली जात.

लिंकनचा प्रयोग : लिंकन येथील मनोरुग्णालयात १८२९ मध्ये रात्रभर खाटेला बांधून ठेवलेला एक रुग्ण गळा आवळून मृत झालेला आढळला. यानंतर बांधलेल्या रुग्णाजवळ रात्री परिचारकाने बसलेच पाहिजे, असा नियम झाला. त्यामुळे बांधणे हा श्रम वाचविण्याचा मार्ग उरला नाही. एडवर्ड पार्कर चार्ल्सवर्थ या वैद्याने बंधने कमी करण्याचा आग्रह धरला व प्रत्येक प्रसंगाची नोंद होऊ लागली. या नोंदींनुसार १८३० मध्ये ९२ रुग्णांपैकी ५४ जणांना एकूण २,३६४ वेळा, सु. २७,००० तास बांधण्यात आले. रॉबर्ट गार्डिनर हिल हा १८३५ मध्ये निवासी शल्यचिकित्सक झाला. त्याने परिचारकांची अहोरात्र देखरेख व रुग्णांचे योग्य वर्गीकरण यांवर भर दिला. १८३७ मध्ये १३० रुग्णांपैकी केवळ दोघांना, तीन वेळा मिळून २८ तास बांधले गेले व १८३८ मध्ये कोणासही नाही. विरोधामुळे हिलला १८४० मध्ये पद सोडावे लागले.

प्रसार व मर्यादा : जॉन कॉनली (१७९४–१८६६) याने १८३९ मध्ये हॅनवेल येथील सु. ८०० रुग्णांच्या संस्थेत काही महिन्यांतच बंधने बंद केली. मोठ्या संस्थेतही हे साध्य होते, हे त्यामुळे सिद्ध झाले. मात्र प्रक्षुब्ध रुग्णास गादी लावलेल्या भिंतींच्या खोलीत एकटे ठेवणे त्याला मान्य होते. पुढे क्लोरल हायड्रेटसारखी निद्राजनक औषधे प्रचारात आली. अशा रीतीने एका प्रकारच्या बंधनाची जागा दुसऱ्याने घेतली, हा आक्षेप या पद्धतीवर तेव्हापासून घेतला जातो. त्यामुळेच आधुनिक सुधारणांत बंधन व एकांतबंदी या दोहोंचा एकत्र विचार करतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रुग्णालयांत १९९० ते २००० या काळात एकांतबंदीचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे ४·२ वरून ०·३ प्रसंगांवर आले व बंधनेही घटली.

भारत : तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयगृहास आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही व पंचवीसहून अधिक रुग्ण मृत्यू पावले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास साखळीने बांधणे व एकांतबंदीत ठेवणे निषिद्ध आहे. तात्काळ संभवणारी इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल, तरच मनोविकारतज्ञाच्या संमतीने शारीरिक बंधन वापरता येते. त्याचे कारण, स्वरूप व कालावधी यांची नोंद सक्तीची असून शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचाऱ्यांच्या कमतरतेमुळे ते वापरता येत नाही. नोंद आणि पुरेसा परिचारकवर्ग या ज्या दोन गोष्टींवर लिंकनचा प्रयोग यशस्वी झाला, त्यांनाच अशा प्रकारे कायद्यात स्थान मिळाले आहे. पुरेसे परिचारक नेमले गेले नाहीत, तर मात्र हा निषेध कागदावरच राहण्याचा संभव असतो.