हाफ इंजिन, चाळीस वर्षे

'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा २००५ साली न्यूझीलंडमध्ये लागला, तेव्हा मी मास्टर्स करायला नुकताच इथे आलो होतो. फ्लॅटमधल्या मुलांत नाव ऐकून जोरदार चर्चा झाली. हा सर्वांत वेगवान भारतीय कोण? मिल्खासिंग? मग नायक अँथनी हॉपकिन्स कसा? तर मंडळी, यातला 'इंडियन' म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी बनणाऱ्या मोटरसायकलचे ते नाव. आणि ती पळवणारा बर्ट मन्रो होता आपल्या साउथ आयलंडच्या टोकाच्या इन्व्हरकार्गिलचा.

सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात वेग आहे, अमेरिकेचा प्रवास आहे, मिठाचे पांढरे मैदान आहे. मला मात्र या इतिहासातला सर्वांत मोठा भाग शेडमधला वाटतो, आणि तो समजायला आपल्याकडच्या गॅरेजचा एक शब्द फार उपयोगी पडतो : 'हाफ इंजिन'.

कोल्हापुरात बाबांकडे येझदी होती. ती धूर ओकू लागली, चढावर दमू लागली की उद्यमनगरातले मिस्त्री सायलेन्सरकडे एक नजर टाकून म्हणायचे, "साहेब, हाफ इंजिन करावं लागतंय." म्हणजे खालची क्रँक आणि गिअर तसेच ठेवायचे, वरचा भाग उघडायचा. हेड काढून कार्बन खरवडायचा, सिलिंडर बोअर करायचा, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकायच्या. फोर-स्ट्रोक गाडी असेल तर व्हॉल्व्हही घासायचे. दोन-तीन दिवसांचे काम. बर्ट मन्रोने हेच काम एका इंजिनावर चाळीसहून अधिक वर्षे केले!

बर्टचा जन्म १८९९ चा. १९२० साली त्याने नवी 'इंडियन स्काउट' घेतली. ६०० सीसी, दोन सिलिंडर इंग्रजी 'व्ही'सारखे, कमाल वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. १९२६ पासून त्याने तिच्यात फेरफार सुरू केले. दिवसा मोटरसायकली विकायच्या आणि दुरुस्त करायच्या, रात्री स्वतःच्या इंजिनाशी झटायचे. मुळात ते साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसलेले, त्यामुळे ज्वलनाची जागा आडवी पसरलेली, आणि कॉम्प्रेशन फारसे वाढवता येत नाही. बर्टने व्हॉल्व्ह डोक्यावर नेले, त्यांना पुशरॉड आणि रॉकर जोडले. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत, हाफ इंजिन करताना त्याने वरचे इंजिनच वेगळ्या जातीचे करून टाकले.

त्यासाठी लागणारे सुटे भाग तो स्वतःच बनवायचा. जुन्या पत्र्याच्या डब्यांत धातू ओतून पिस्टन करायचे आणि मग तासून, घासून मापात आणायचे. सिलिंडर गॅसच्या जुन्या बिडाच्या पाइपांतून केलेले. मायक्रोमीटर? चाकाचा जुना स्पोक!

हे ऐकून आपण लगेच म्हणतो, 'अरे, हा तर जुगाड!' किवी मंडळी याला 'आठ नंबरची तार' म्हणतात. कुंपणाच्या तारेने काहीही दुरुस्त करणाऱ्या शेतकऱ्यावरून आलेला हा शब्द. मला दोन्ही विशेषणे पटत नाहीत. जुगाड म्हणजे आज संध्याकाळी घरी पोचण्यापुरती सोय. इथे हिशेब फार बारीक होता. ७० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन २०० अंशांनी तापला तर सुमारे ०.३ मिलिमीटरने फुगतो. बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला तरी त्याच्या निम्माच फुगणार. फट कमी ठेवली तर धावताना पिस्टन धरतो, म्हणजे 'सीझ' होतो. जास्त ठेवली तर तो आत आपटत राहतो आणि दाब गळतो. ही फट केसाएवढी, आणि इंजिनातून मूळ ताकदीच्या कितीतरी पट काढायची असेल तर पुस्तकातले माप चालत नाही. बिडाची निवडही अडाणीपणाची नाही. करड्या बिडात ग्राफाइट असते, ते घर्षण सोसते. आणि वर्षानुवर्षे मुरलेल्या बिडातले ओतकामाचे ताण निवलेले असतात. मुरलेल्या लोणच्याची गोडी आपल्याला सांगायला नको.

तरीही भाग मोडायचे. वितळलेले पिस्टन, फुटलेले तुकडे तो फेकून देत नसे. शेडमधल्या फळीवर मांडून ठेवी आणि वर लिहिले होते, 'वेगाच्या देवाला अर्पण'. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चुकांची नोंद ठेवतो, पण ती वाचायला कोणी परत जात नाही. बर्टची फळी रोज डोळ्यासमोर होती.

या नादाची किंमत घरानेही मोजली. लग्न झालेले, चार मुले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस संसार मोडला, नोकरी सुटली, आणि तो गॅरेजमध्येच राहू लागला. सिनेमातला प्रेमळ म्हातारा पाहताना हे लक्षात येत नाही. त्याच्या जिद्दीचे कौतुक करताना मला त्या चार मुलांचीही आठवण होते.

ओरेटीच्या वाळूवर बरीच वर्षे गाडी पळवल्यावर १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, तो अमेरिकेत यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पोचला आणि ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम करून आला. १९६७ साली तो ६८ वर्षांचा होता आणि इंजिन वाढत वाढत ९५० सीसीवर गेले होते. दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी ताशी १८३.५९ मैल नोंदली गेली. ४७ वर्षे जुन्या मोटरसायकलवर!

१९७८ साली बर्ट गेला. पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आले की १९६७ च्या आकडेमोडीत चूक आहे. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने २०१४ साली ती मान्य करून आकडा १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर केला. मृत्यूनंतर ३६ वर्षांनी अर्ध्या मैलाने वेग वाढला! गॅरेजमुळे ज्याचे घर मोडले त्याच्या मुलाने बापाचा हिशेब पुन्हा मांडला, हे मला त्या आकड्याहून मोठे वाटते.

सुट्टीत साउथलँडला गेलात तर इन्व्हरकार्गिलच्या डी स्ट्रीटवर 'ई. हेज' नावाचे दुकान आहे, तिथे बर्टची स्काउट पाहायला मिळते. दुकान हार्डवेअरचे आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलगा गाडीपाशी रेंगाळला आणि बायकोने तेवढ्यात बागेच्या नळाचे वॉशर घेतले.