शब्दजाळ्याला बाजाराची शिस्त

मधोमध एक शब्द लिहायचा, त्यातून रेघा काढत सुचतील ते शब्द जोडायचे आणि त्या जोडण्यांतून नवी कल्पना हाती लागते का ते पाहायचे, ही शब्दजाळ्याची रीत ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ पासून जगभर पोहोचवली. तिचे श्रेय मोकाट कल्पनेला दिले जाते. पण ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ साली ७५ शब्द स्वतःपुढे पुन्हा पुन्हा ठेवून मनात काय उमटते ते टिपले, तेव्हा तेच ते विचार परतताना पाहून ते चकित झाले. मोकळे सोडलेले मन मळलेली वाट धरते. नवे सुचते ते शब्दांना व्यवहाराची शिस्त लागल्यावर, असे माझे म्हणणे आहे.

शिवकालातला राज्यव्यवहारकोश या शिस्तीचा नमुना आहे. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देताना त्यात दुर्ग, लेखन, पण्य असे दहा वर्ग केले आहेत. एका व्यवहाराचे शब्द शेजारी मांडले की कुठली जागा रिकामी आहे ते दिसते, आणि तिथेच नवा शब्द घडवावा लागतो. कोश म्हणजे शब्दजाळे नव्हे, कोश शब्द बांधतो तर शब्दजाळे ते मोकळे करते, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. शेजार ठरवणे हेच दोन्हींतले मूळ काम आहे, रेघ काढली काय किंवा वर्ग केला काय.

पुढे रायपुरात घडलेले हिंदी पत्रकार माधवराव सप्रे यांनी हेच काम हिंदीसाठी केले. १९०० साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या १९०६ च्या वैज्ञानिक कोशात अर्थशास्त्राची परिभाषा त्यांची होती. अशा परिभाषेची कसोटी रायपूरच्या सदर बाजारात, म्हणजे सराफ्यात, लावून पाहावी. सुता, ऐंठी, करधन हे छत्तीसगढी दागिने मध्ये लिहा. नुसते मन ‘सौंदर्य’, ‘लग्न’ इथवर जाईल. पेढीचा व्यवहार मात्र ‘गहाण’, ‘व्याज’, ‘बियाणे’, ‘पीक’ हे शब्द जोडायला लावतो, आणि शेतकऱ्याचा दागिना ही त्याची बचत असते हा आर्थिक विचार उभा राहतो. त्यापुढची रेघ सहकारी पतपुरवठ्याकडे जाते. ‘छत्तीसगढ मित्र’चे प्रकाशक वामन बळीराम लाखे रायपुरातल्या सहकारी चळवळीचे अध्वर्यू ठरले, तेव्हा शब्द आणि पतपुरवठा या दोन क्षेत्रांतले अंतर तिथल्या मंडळींना फार वाटत नसावे.

शब्द वाढले म्हणजे विचार वाढले असे नाही, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. राज्यव्यवहारकोशातले कितीतरी शब्द रोजच्या बोलण्यात रुजले नाहीत. अमात्य, सचिव, सेनापती ही नावे टिकली, कारण १६७४ च्या राज्याभिषेकाने त्यांमागे खरी पदे उभी केली. म्हणूनच वर्गात किंवा कचेरीत शब्दजाळे काढायला शिकवणाऱ्यांनी मधल्या शब्दाबरोबर त्याचा बाजारही दाखवावा. कोण विकतो, कोण घेतो, कोण अडतो, हे विचारल्यावर निघालेली प्रत्येक रेघ पारखता येते, आणि पारखता येणारी कल्पनाच पुढे कामाला येते.