तो उठून उभा राहिला!

मार्च १९६२. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचा ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसशी सामना चालला होता. चार्ली ग्रिफिथचा एक चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला उजव्या बाजूस बसला. त्या काळी हेल्मेट कुठले? कवटी फुटली, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. रक्त द्यायला जे धावले त्यांत प्रतिस्पर्धी वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही.

ती जखम साऱ्यांना दिसली. परंतु डोक्याचा मार नेहमीच अशी ग्वाही देत नाही. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्याला रमण लांबा शॉर्ट लेगला उभा राहिला. षटकाचे तीनच चेंडू उरले होते. तेवढ्यासाठी हेल्मेट कशाला, म्हणून त्याने ते घेतले नाही. चेंडू कपाळावर आदळला. लांबा उठला, आपल्या पायांनी तंबूत गेला. आत मेंदूत रक्त साकळत होते. तीन दिवसांनी तो गेला.

‘उठला म्हणजे बरा आहे’ हा आपला जुना समज. मेंदू हादरला तरी माणूस बहुधा बेशुद्ध पडत नाही. तो गोंधळतो, झोकांडी खातो, त्याला मळमळते, उजेड सोसत नाही. आणि ही लक्षणे कधी दुसऱ्या दिवशीही प्रकटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू मानेवर बसलेला स्मिथ त्याच दिवशी परत येऊन खेळला. दुसऱ्या दिवशी त्याला त्रास जाणवू लागला. त्याच महिन्यापासून लागू झालेल्या नियमामुळे त्याच्या जागी लाबुशेन फलंदाजीला उतरला. कसोटीत असा बदली फलंदाज प्रथमच आला. कॉन्ट्रॅक्टरच्या अपघातानंतर ५७ वर्षांनी!

मी शाळामास्तर. एकदा कबड्डीत डोक्यावर आपटलेला माझा एक विद्यार्थी उठून उभा राहिला, तेव्हा मी ‘शाबास!’ म्हणालो. “सर, चढाई कुणाची?” असे त्याने तीनदा विचारले, आम्ही सारे हसलो. रात्री त्याला उलट्या झाल्या, वडिलांनी दवाखान्यात नेले. पोरगा बरा झाला. पुण्याई त्याची, शहाणपण माझे नव्हे.

आता डोक्याला मार लागला की मुलगा काहीही म्हणो, त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मैदान नाही. त्याला एकटे सोडायचे नाही. डोकेदुखी वाढली, उलट्या थांबेनात, झटके आले किंवा गुंगी चढली, तर तडक इस्पितळ. बाहेर बसवलेली मुले रुसतात. रुसू देत.